गुंडाळीतली गच्ची

अलेक्झांड्रिया,
खमासीन सुटल्यानंतरचा सोमवार

माझ्या लाडक्या आणि आदरणीय बहीगा खालास,

तुझ्या दोन्ही हातांचे मुके घेऊन रौहिय्याचा सलाम. अल्लाह तुला उदंड आयुष्य देवो, तुझ्या गुडघ्यांना आराम देवो आणि तुझ्या जावयाला थोडी अक्कल देवो (दमिएत्तात ती मिळत नसेल तर इकडून पाठवता येणार नाही, इथेही तुटवडाच आहे). सोहेर तुझी नीट काळजी घेते ना? मुलीच्या घरी राहताना तू स्वयंपाकघरात लुडबुड करत नाहीस अशी मी आशा करते, पण विश्वास ठेवत नाही. इकडे आम्ही सगळे ठीक. खमासीनच्या वाऱ्याने तोंडात, कानात, चहात वाळू आहे, आणि खिडकीची झडप पुन्हा आपटली म्हणून मी आत्ताच उठून ती बांधून आले. हे पत्र एका बैठकीत लिहून होणार नाही, हे आधीच सांगते. सध्या एका जागी बसणं मला जमतच नाही.

तुला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची आहे, तुझी खोली नकाशात आहे की नाही. सांगते. पण क्रमाने सांगू दे. राग आला की मला पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि सध्या मी रागातच उठते नि रागातच झोपते. त्या हाजी मेतवल्लीने इमारत विकत घेऊन वर्ष होत नाही तोच कोर्टात छाती ठोकून सांगितलं की गच्चीवरची खोली मूळ इमारतीची नाहीच, कुणीतरी मागाहून विटा रचून केलेलं ते बेकायदा बांधकाम आहे, तेव्हा ते पाडून मला वर दोन मजले चढवू द्या. सब्री काका असते तर चार शब्दांत त्याला गप्प केलं असतं. (चार शब्दांच्या वर ते कधी बोललेच नाहीत म्हणा. सगळा जन्म नगरपालिकेच्या नकाशा कचेरीत काढला, तिथे बोलायला असतं कोण?) काका नाहीत, तू एकटी, आणि कोर्ट म्हणालं मूळ नकाशा आणा. नकाशात खोली असेल तर बाई राहील, नसेल तर बाई जाईल. तुझ्या सगळ्या संसाराचा निकाल असा एका कागदावर येऊन बसला. तो कागद नगरपालिकेच्या तळघरात सापडला, पण उलगडेना, म्हणून आमच्या जुन्या कागदांच्या दुरुस्ती विभागात आला आणि माझ्या टेबलावर पडला. तू माझी खाला आहेस हे मी इथे कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

गुंडाळी आली ती पायजम्याच्या नाडीने बांधलेली. ही इमारत ज्यांनी आखली त्या मार्तेल्ली साहेबांच्या वेळचा जाड कागद, एका टोकाला उंदरांनी मेजवानी केलेली, आणि फाटलं तिथे तिथे कुणीतरी शहाण्याने चिकटपट्टी लावलेली, तीही आता पिवळी होऊन वाळलेल्या कांद्याच्या सालीसारखी सुटत होती. आमचे संचालक डॉक्टर मुनीर (हे पुस्तकातले डॉक्टर, यांना गुडघे दाखवू नकोस) यांनी नाडी सोडली आणि दोन बोटांनी कोपरा धरून ओढला. तुकडा त्यांच्या हातात आला. माझ्या तोंडून जे निघालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्यांनी तो तुकडा टेबलावर ठेवला, हात झटकले आणि मला समजावलं, "कागदच तर आहे, रौहिय्या."

आता तुला काय सांगू? कागद वर्षानुवर्षं गुंडाळून पडला की तो तसाच होऊन बसतो. ओढलास तर मोडतो. त्याला ओलसर हवेत ठेवायचं, अंग सैल करू द्यायचं, वेढा वेढा सोडवत न्यायचं. आणि पाणी लागू द्यायचं नाही, कारण शाई पसरली की मार्तेल्ली साहेबांच्या जिन्याचं तळं होणार. म्हणजे या कामाला लागते ती सबुरी. आणि ती कुणाकडे मागायची, तर माझ्याकडे. तूच जगाला सांगत फिरतेस की जन्माला येताना मी आईला दवाखान्याच्या पायरीपर्यंतसुद्धा पोचू दिलं नव्हतं. या धंद्यात मी कशी आले आणि आतापर्यंत कशी टिकले, याचं उत्तर फक्त वरच्याला माहीत.

तर मी शेजारणीकडून बाळाला अंघोळ घालायचा टब आणला, तळाशी ओले टिपकागद घातले, वर जाळी, जाळीवर गुंडाळी आणि सगळ्यावर झाकण. आता थांबायचं. मी थांबले. मग झाकण उघडून पाहिलं. पुन्हा थांबले, पुन्हा पाहिलं. बाहेर खमासीन चालू, हवा भट्टीतल्यासारखी कोरडी, आणि मी झाकण उचललं की आतला सगळा ओलावा भुर्रकन उडून जायचा. असं करत करत मी त्या गुंडाळीला दिवसभर वाऱ्यावर वाळवत होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी झाकण दोरीने बांधलं. दोरी सोडली. शेवटी मी सरळ झाकणावर जाऊन बसले. माझं वजन तुला माहीत आहे. मग मात्र झाकण हललं नाही.

मी अशी टबावर बसलेली असताना दारात कोण उभं? हाजी मेतवल्ली, हातात बसबुसा मिठाईचा खोका. त्याने मला त्या अवस्थेत पाहिलं, पण मोठा माणूस, काही विचारलं नाही. समोर खुर्ची ओढून बसला. त्याला पाहायचं होतं की नकाशा कुठे आहे, आणि नकाशा माझ्याखाली होता. मी म्हटलं, कामात आहे. त्याने मान डोलावली आणि तुझं गाऱ्हाणं सुरू केलं. गच्चीवरची ती म्हातारी म्हणे त्याच्या डोक्यावर चादरी झटकते. त्याने पाठवलेल्या मुकादमाला तिने जिन्यात उभं करून त्याच्या आईची, आजीची आणि शाळेची चौकशी केली. बाहेर पडताना कुलपावर कुलूप लावून गेली आणि किल्ली म्हणे पोटच्या मुलीलाही दिली नाही (ती माझ्या पर्समध्ये आहे, तेव्हाही होती). मी हूं हूं करत बसबुसा खाल्ला. रागात मला भूक लागते. शेवटी उठता उठता तो म्हणाला, "बाईसाहेब, मी काही वाईट माणूस नाही. पण जी खोली कागदावर नाही ती आहे असं कसं म्हणायचं?" खाला, तो गेला आणि ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कारण मीही आयुष्यभर हेच म्हणत आले आहे. तशीच टबावर बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी कागद सैल पडायला लागला. मी गव्हाच्या स्टार्चची खळ शिजवली. फाटलेल्या जागी मागून पातळ कागदाची पट्टी लावायची तर हीच खळ हवी, पांढरी, गुळगुळीत, गाठ न राहिलेली. तशी ती जमायला हात दुखेपर्यंत ढवळावी लागते. वाडग्यात काढली, थंड करायला चहाच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवली. परत येऊन पाहते तो वाडगा रिकामा आणि धुऊन पालथा घातलेला. मुनीर साहेब खिडकीशी उभे, चेहऱ्यावर समाधान. म्हणाले महल्लबियाची खीर छान झाली होती, पण तुझा साखरेचा हात आखडता आहे, आणि वर पिस्ते असते तर बरं झालं असतं. मी त्यांना काही सांगितलं नाही. ज्या माणसाच्या सहीने माझा पगार होतो त्याच्या पोटात फाटका कागद चिकटवायची खळ आहे हे त्याला कळून कुणाचं भलं होणार होतं? दुसरी खळ शिजवली आणि वाडग्यावर मोठ्या अक्षरांत उंदराचं औषध असं लिहिलं. तेव्हापासून फ्रिजला कुणी हात लावत नाही. फ्रिजमधलं माझं जेवणही सुरक्षित आहे.

आता जे सांगते ते बसून वाच. शनिवारी दुपारी मी तुझ्या खोलीवर गेले होते, वाळू झाडायला. कागद तेव्हा अर्धा उलगडलेला, टिपकागदांमध्ये दाबून, कडेला वजनं ठेवून निजवला होता. कुणी हात लावू नका असं सगळ्यांना बजावून गेले होते. बजावणं हीच चूक झाली. मी पाठ फिरवल्यावर मुनीर साहेबांना कोर्टातून फोन आला की गुरुवारी इंजिनिअर लोक नकाशा पाहायला येणार. साहेब घाबरले. वजनं उचलून पाहिली, कागद अजून लाटांसारखा वर येतोय. आणि त्यांच्या त्या विद्वान डोक्यात उजेड पडला. ज्या माणसाच्या सगळ्या शर्टांना जन्मभर कडक घडी मिळत आली, त्याला चुरगळलेली कुठलीही वस्तू पाहिली की एकच जागा आठवणार. त्यांनी तो नकाशा दोन पुठ्ठ्यांत घालून मागच्या गल्लीत बरकात इस्त्रीवाल्याकडे पाठवून दिला. सोबत त्यांचा एक कोटही होता.

मी परत आले, टेबल रिकामं. कुठे गेला ते कळल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. जिने कसे उतरले आठवत नाही, एक चप्पल अजून सापडलेली नाही. बरकातला तू पाहिलेलं आहेस, तो जमिनीवरच्या फळीवर पसरलेल्या कपड्यावरून पायाने इस्त्री ढकलणारा, आणि कपडा भिजवायचा तर तोंडात पाणी भरून फवारा उडवणारा. मी दारात पोचले तेव्हा मार्तेल्ली साहेबांची इमारत फळीवर पसरलेली होती, इस्त्री निखाऱ्यांवरून काढलेली होती आणि बरकातचे दोन्ही गाल भोपळ्यासारखे फुगलेले होते. मी जी किंकाळी मारली ती समुद्रापर्यंत गेली असेल. बरकात दचकून माझ्याकडे वळला आणि तोंडातलं होतं नव्हतं तेवढं सगळं पाणी माझ्यावर आलं. केसांपासून छातीपर्यंत. इतकं बारीक आणि सारखं, की एरवी मी त्या माणसाचं कौतुक केलं असतं. कागदावर एक थेंब नाही. मी ओल्या तोंडाने अल्लाहचे आभार मानले आणि बरकातला ठेवणीतलं सगळं ऐकवलं. तो बिचारा म्हणाला की त्याला वाटलं कुणा बड्या माणसाचा टेबलावरचा रुमाल असेल, वर घर काढलेलं म्हणून. कोटाला मात्र त्याने फार सुंदर इस्त्री केली. साहेबांनी दुसऱ्या दिवशी तो घातला आणि दुपारपर्यंत माझ्या समोर आले नाहीत.

त्यानंतर मी नकाशापासून हलले नाही. माझ्या बोटांना जेवढा धीर आहे तेवढा सगळा त्या कागदावर खर्च झाला, म्हणून बाकीच्या जगासाठी काही उरलेला नाही. घरी मी भांडी आपटते, रस्त्यात ट्रामच्या आधी चालत निघते आणि मग ट्राम माझ्या शेजारून जाते. जुनी चिकटपट्टी काढली, फाटलेल्या कडा जुळवल्या, मागून पट्ट्या लावल्या, संचालकांनी मोडलेला कोपरा सुद्धा जागेवर बसवला. आणि काल दुपारी शेवटचा वेढा सुटला. सगळ्यात आतला. तिथे गच्ची होती.

खाला, तुझी खोली आहे. पायऱ्या संपतात तिथून डावीकडे, समुद्राच्या बाजूला खिडकी, भिंती, दार, सगळं. मुनीर साहेबांनीही पाहिली. ते म्हणाले झालं, मिटलं प्रकरण, मेतवल्लीला पत्र टाका. मी खाली बसले आणि रडले. त्यांनी मला पाणी दिलं. सोहेरला सांग, मुलांना सांग, जावयालाही सांग. तुझ्या खोलीतली वाळू झाडलेली आहे, गादीला ऊन दाखवलं आहे. अल्लाह तुझं छप्पर सलामत ठेवो.

तुझी,
रौहिय्या

ता.क. दमिएत्ताची मशब्बिक मिठाई खोकाभर आण. संचालकांना द्यायची आहे. खळ खाऊन ज्याने फक्त साखरेची आणि पिस्त्यांची तक्रार केली अशा माणसाला एकदा खरं गोड मिळायला हवं.

आणखी ता.क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. वर लिहिलं त्यातला एकही शब्द खोटा नाही, पण सगळं लिहिलेलं नाही. सगळी इमारत शाईत आहे, खाला. तुझी खोली पेन्सिलीत आहे. शाईची गच्ची मोकळी आहे, नुसती कपडे वाळवायची जागा, आणि तिच्यावर नंतर कुणीतरी पेन्सिलीने खोली काढली आहे. कुणीतरी म्हणजे कोण हे मला भिंग न लावता कळलं. शाळेत माझे भूगोलाचे नकाशे ज्याने काढून दिले, रेषेच्या टोकाला ती बारीक आकडी ज्याला टाळता येत नसे, तो हात मी नाही ओळखणार तर कोण? ते कचेरीत होते तेव्हा हा कागद त्यांच्याच कपाटात असणार. आधी मला त्यांचा इतका राग आला की मी टेबलाला फेऱ्या घालत त्यांच्याशी भांडले. सरकारी कागदावर, तुम्ही, सब्री काका? मग जरा वाकून पाहिलं. खोली आहे त्यापेक्षा मोठी काढली आहे, चांगली हातभर. आणि आतल्या भिंतीला दार आहे, आणि दाराच्या पलीकडे न्हाणीघर आहे. खाला, तुझ्या खोलीला न्हाणीघर नाही. थंडीपावसात गच्ची ओलांडून पलीकडच्या टोकाला जाताना तू त्यांना काय काय ऐकवायचीस हे खालच्या मजल्यांनाही पाठ आहे, नवरा दुसऱ्यांची घरं काढतो आणि बायको भिजत जाते वगैरे. ते ऐकून घेत आणि एक शब्द बोलत नसत. कोर्टाला फसवायला निघालेला माणूस नसलेलं न्हाणीघर कशाला काढेल? त्यांच्या डोक्यात कोर्ट नव्हतंच. त्यांनी तुझ्यासाठी घर काढलं, आणि त्यांच्या मते चांगला कागद तोच होता.

शेवटचं, आणि पत्र खरं तर यासाठीच. मुनीर साहेबांना वाटतं की पेन्सिल मार्तेल्ली साहेबांच्याच कचेरीतली, मागाहूनची दुरुस्ती. आज सकाळी ते म्हणाले जरा मळकट दिसतं, मऊ रबराने पुसून टाक, मग लक्षात आलं की खोलीच जाईल. त्यांच्या हातातून रबर मी काढून घेतलं. पेन्सिल पुसली जाणार नाही, हे तुला न विचारता ठरवलं आहे. पण कागदावर जे जे सापडलं ते मला अहवालात लिहावं लागतं. नंतरची भर, पेन्सिल, दुसरा हात, इथपर्यंत मी लिहिलं आहे. कुणाचा हात, तिथे जागा सोडली आहे. ती कोरी राहिली तर इंजिनिअर बहुधा साहेबांसारखंच समजतील, तुझी खोली राहील, आणि मेतवल्लीला वर न्हाणीघर बांधून द्यायची वेळ येईल ती वेगळी. मी नाव लिहिलं तर खोली जाईल, तू माझ्याकडे राहायला येशील, आपण दोघी रोज भांडू, आणि तो कागद जोवर आहे तोवर त्यांच्या नावाने राहील. माहीत असलेली गोष्ट मी आजवर कधी कोरी सोडलेली नाही. या वेळी सोडेन, तू सांगितलंस तर. रात्रंदिवस माझ्या पायाला भिंगरी आहे ती याचीच. म्हणून गुरुवारच्या आधी ये, आणि बघितल्याशिवाय मला काही सांगू नकोस. वाचायचा चष्मा आण, कारण त्यांनी आत सामानही काढलं आहे, फार बारीक. दोन खुर्च्या आहेत. खिडकीजवळची तुझी आहे, तिच्यापुढे गुडघे लांब करायला एक चौरंग ठेवला आहे.